राळेचा दांडा आणि चिमूटभर कुंकू

बहात्तरच्या दुष्काळात सगळं नगर पाण्याच्या काळजीत होतं आणि माझं डोकं एका दांड्यानं खाल्लं होतं. राळेचा, वीतभर लांब, मधाच्या रंगाचा दांडा. मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे नाव नोंदवलं होतं. कोल्हारजवळच्या एका वर्कशॉपातून जाड पत्र्याचं बंद पिंप बनवून घेतलं होतं. त्यात नायट्रोजन दाबून भरायचा, दोन पितळी चकत्यांच्या मधे दांडा उभा करायचा आणि व्होल्टेज वाढवत न्यायचं. कधीतरी दांड्याच्या अंगावरून ठिणगी सर्रकन पळायची. तेव्हाचा आकडा टिपून घ्यायचा, की झालं.

पण तो मेला आकडा रोज वेगळा यायचा. गॅस तोच, दांडा तोच, मीही तोच. काल जे व्होल्टेज दांड्यानं मुकाट सोसलं, त्याच्या निम्म्यावर आज ठिणगी. तारा उलट्या जोडून पाहाव्यात, तर त्याहूनही आधी. वैतागून मी एकदा पिंपाला लाथ मारली आणि दोन दिवस लंगडत वर्गावर गेलो.

पुण्याच्या सरांकडे गेलो की ते आकडे बघायचे आणि चष्मा काढून ठेवायचे. नगरची धूळ फार, तेव्हा प्रत्येक वेळी दांडा कोरड्या फडक्यानं चांगला घासून घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. दिवाळीपर्यंत आकडे जुळले नाहीत तर नोंदणी रद्द करू, हेही शांतपणे सांगितलं होतं. कॉलेजातली माझी नोकरी तात्पुरती होती. नोंदणी गेली की तीही जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मग काय, जुन्या टेरिलिनच्या शर्टाचं फडकं करून मी दांडा घासत बसायचो. जितका जास्त घासावा, तितके आकडे जास्त बिघडायचे. रडकुंडीला आलो होतो.

अशात खंडेनवमी आली. आमच्या हेड सरांचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, घराणं भिक्षुकीचं. प्रयोगशाळेतली एकूण एक वस्तू त्या दिवशी टेबलावर मांडून तिची पूजा झालीच पाहिजे, हा त्यांचा दंडक. तराजू, भिंगं, अगदी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा. मी मात्र सकाळपासून पिंपाशी झटत होतो. ठिणगी पडेपर्यंत व्होल्टेज चढवलं होतं, एवढ्यात शिपाई दारात आला.

"सर, पूजा खोळंबलीया. तुमचा दांडा बी घेऊन या म्हनले."

चरफडतच वीज बंद केली, चकत्यांना अर्थिंगची तार लावली, गॅस सोडला आणि न पुसताच दांडा टोकाला धरून नेऊन ठेवला. हेड सर मंत्र पुटपुटत एकेका वस्तूवर हळदीकुंकू वाहत होते. दांड्यावर त्यांनी जरा सढळ हातानं वाहिलं. माझी दया आली असावी. पूजा आटोपल्यावर मी दांडा उचलून झटकला. इकडचं तिकडचं पडलं, पण मधल्या भागात तांबडा डाग तसाच राहिला. त्याला बाभळीच्या काटकीसारखे फाटे फुटले होते. फुंकर मारली तरी हलेना. सकाळची ठिणगी याच अंगानं पळाली होती.

म्हणजे कुंकू धरून ठेवलं होतं ते दांड्यावर उरलेल्या चार्जनं. अर्थिंग करतो म्हणजे काय, तर पितळी चकत्या मोकळ्या करतो. राळेतून वीज वाहत नाही, मग तिच्या अंगावर बसलेला चार्ज जाणार कुठून? तो तिथंच ठाण मांडून बसायचा आणि पुढचा आकडा नासवायचा. दांडा धुऊन वाळवला, टेरिलिननं घासला आणि पुन्हा कुंकू टाकलं. या वेळी घासलं तिथं तिथं कुंकू चिकटलं. म्हणजे इतके महिने मी दांडा पुसत नव्हतो, त्याच्यावर चार्ज चढवत होतो. असला संताप आला की फडकं खिडकीबाहेर भिरकावलं. ओल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली सावकाश वाळवला, तेव्हा कुठे कुंकू टिचकीसरशी गळून पडलं. त्यानंतर प्रत्येक आकड्याआधी तसंच केलं आणि आकडे जुळायला लागले.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याला गेलो. दांडा घासायला आपणच सांगितलं होतं, हे सरांना आठवलं की नाही, देव जाणे. आकडे पाहून त्यांनी नोंदणी चालू ठेवली. माझ्या मजकुरातले 'हळद' आणि 'कुंकू' हे शब्द मात्र तांबड्या पेनानं खोडले.

"परीक्षक हसतील. पिवळी आणि तांबडी पूड म्हणा."

मी हुज्जत घातली. ज्यामुळे हे दिसलं त्याचं नाव का नको, असं विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी खोडलेल्या शब्दांवर पूड लिहून दिलं.

प्रबंध बांधून आला तेव्हा हेड सर निवृत्त झाले होते. मी प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी हात धुतले, पुसले, प्रत मांडीवर घेतली आणि त्या कुंकवाच्या डागाचं पान काढून द्यायला सांगितलं. इंग्रजी मजकुरावरून त्यांचं बोट हळूहळू खाली गेलं, मग पुन्हा वर आलं.

"यात आपली पूजा कुठं आली?"

मी तांबड्या पुडीची ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, प्रत मिटली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.