शब्द नसलेला अल्बम आणि बाबा

दुपारी घडलंय, पण मन अजून तिथंच रेंगाळतंय, म्हणून तुम्हाला सांगते.

माझे बाबा पूर्णेला रेल्वेत गार्ड होते आणि गावच्या भजनात गायचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, पण शब्द तोंडातच अडकतात. तेव्हापासून घरात कुणी गाणं लावलं की ते हातानंच ‘बंद कर’ म्हणतात.

थंडी पडली की मी दरवर्षी एक अल्बम ऐकते. त्यात नुसती गिटार आणि बासरी, गाणारं कुणीच नाही. आज अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलताना तो मोबाइलवर हळू आवाजात लावला. बाबा शेजारी बाजेवर पडले होते. आता हात वर होईल, म्हणून मी वाट बघत होते. झाला नाही.

ऊन अंगावर पसरत गेलं, बासरी लांबत गेली, आम्ही दोघंही कुठंतरी तरंगायला लागलो. मग त्या सुरांत आणखी एक सूर मिसळला. जाडसर, थरथरता. मी मान वर केली नाही. बघितलं तर थांबतील, अशी भीती वाटली.

पिठानं भरलेल्या हातांनी आई दारात आली. “कोण गुणगुणायलंय गं?”

“बाबा हायत,” मी हळूच म्हणाले.

ती तिथंच उंबऱ्यावर टेकली. अल्बम संपला, तरी बाबा गुणगुणतच होते.

तुमच्याकडं असं बिनशब्दांचं काही असेल तर नाव कळवाल का? आई आत्तापासूनच विचारायलीय, उद्या काय लावायचं?