फळ्यावरच्या माशा

"बघितलं का ऐकलं?"

कुणीही बातमी घेऊन आलं की चाचांचा पहिला प्रश्न हा असायचा. चष्मा कपाळावर चढवून ते समोरच्याकडे असे बघत राहायचे की सांगणाऱ्याचा निम्मा उत्साह तिथंच मावळायचा. बहुतेकांचं उत्तर असायचं, ऐकलं. मग चाचा उघड्या रेडिओत पुन्हा मान घालायचे आणि म्हणायचे, "मग आधी बघून ये."

घाटनांदूरच्या स्टँडसमोर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा. रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या ऐकून त्या गावासाठी खडूने लिहायच्या, अशी त्याची सुरुवात. पुढे घरोघर टीव्ही आला, मग हातोहात मोबाईल आला, दुरुस्तीला रेडिओ येईनासे झाले, तरी फळा चालूच राहिला. त्यावर आता गावच्याच बातम्या असायच्या आणि प्रत्येक बातमीखाली चाचा एक शब्द लिहायचे, ‘पाहिले’ किंवा ‘ऐकले’. फळे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील, पण ही भानगड दुसरीकडे कुठं पाहिली असेल तर मला जरूर सांगा.

आम्ही त्यांची टिंगल कमी केली नाही. एकदा गावाच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला. आपल्याच शिवारातल्या उसातला आहे म्हणून कुणीतरी खाली लिहिलं आणि दिवस मावळायच्या आत गावाची दारं लागली. चाचा काठी घेऊन त्या उसाच्या फडाला वळसा घालून आले आणि त्यांनी लिहिलं, "बिबट्या दिसला नाही. उसात पाटलांचा कुत्रा आहे. पाहिले." पाटलांना या बातमीत आपला अपमान दिसला. आपला कुत्रा बिबट्याएवढा दांडगा आहे हे कुणी लिहिलं नाही, म्हणून ते कितीतरी दिवस चाचांशी बोलत नव्हते.

स्वतःची चूकही चाचा तेवढ्याच ठळक अक्षरात लिहायचे. "काल नळाला पाणी येणार असे लिहिले होते. आले नाही. ऐकून लिहिले होते." बायका जाता-येता रिकामी घागर दाखवून त्यांना हसायच्या. तेही हसायचे.

मला मात्र त्या माणसाची खरी किंमत कळली ती माझ्या गळ्याशी आलं तेव्हा.

गावाबाहेर माझी खव्याची भट्टी आहे. त्या वर्षी पहिल्यांदाच मी खोक्यावर लेबल छापून घेतलं होतं, आईच्या नावाचं. तिनंच ही भट्टी उभी केली होती. दिवाळी तोंडावर आली आणि ग्रुपवर एक व्हिडिओ फिरायला लागला. तोंडाला फडकी बांधलेले लोक पांढरे गोळे खड्ड्यात टाकतायत आणि खाली मजकूर, की हा घाटनांदूर भागातला भेसळीचा खवा आहे, सावध राहा, पुढे पाठवा. लोकांनी सांगितल्याप्रमाणे पुढे पाठवला. माझ्या मेव्हण्यानं तर मलाच पाठवला.

अंबाजोगाईचा जुना मिठाईवाला फोनवर गोड बोलला, पण सध्या माल पाठवू नका म्हणाला. मग बाकीच्यांनीही तेच सांगितलं. इकडे वाड्यांवरून दूध नेहमीसारखं येत होतं. म्हशी काही मोबाईल बघत नाहीत. दूध घेऊन येणाऱ्या बायकांना परत पाठवावं तर त्यांची दिवाळी बुडते, घ्यावं तर खवा कुणाला विकायचा? आईचं नाव छापलेली खोकी कोपऱ्यात पडली होती आणि तिकडे बघवत नव्हतं.

मी तडक चाचांकडे गेलो. म्हटलं, फळ्यावर लिहा की ही बातमी खोटी आहे.

"त्यो व्हिडिओ कुठला हाय मला म्हाईत न्हाई," चाचा म्हणाले. "जे म्हाईत न्हाई ते कसं लिहू? तुझी भट्टी मातर बघू शकतो."

मला राग आला. पोहता न येणाऱ्याला काठावरून पाण्याची खोली सांगावी तसलं हे बोलणं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाबरोबरच चाचा भट्टीवर हजर. कढईत दूध पडल्यापासून खवा उतरेपर्यंत ते धुरात डोळे पुसत बसले. माझी बायको उलथनं फिरवत होती, तिला कंटाळा येईस्तोवर त्यांनी प्रश्न विचारले. कोपऱ्यातल्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघितलं. चहासुद्धा घेतला नाही. गेले, आणि एक दिवस सोडून दुपारी न सांगता पुन्हा आले. सांगून आल्यावर सगळेच चांगलं करतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या संध्याकाळी फळ्यावर आलं, "खव्याची भट्टी पाहिली. व्हिडिओतली जागा ही नाही. दुधात काही मिसळताना दिसले नाही. भट्टीत माशा भरपूर आहेत. पाहिले."

माझं डोकंच फिरलं. दुकानात जाऊन मी नको ते बोललो. म्हटलं, बुडत्याला हात द्यायचा सोडून तुम्ही माशा कसल्या मोजताय? एवढी एक ओळ कशाला लिहिलीत?

"होत्या म्हणून," चाचा शांतपणे म्हणाले. "माशा लिहिल्या न्हाईत तर दूध बी कुणी खरं मानणार न्हाई."

आणि झालंही तसंच. कुणीतरी त्या फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. लोक माशांना पोट धरून हसले, हसत हसत फोटो पुढे पाठवला, आणि ज्या वाटेनं तो व्हिडिओ गेला होता त्याच वाटेनं चाचांचं अक्षर गेलं. अंबाजोगाईच्या मिठाईवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, माशासुद्धा लिहिणारा माणूस दूध चांगलं आहे म्हणतो, तर माल पाठवून द्या. दिवाळीला खोकी पुरली नाहीत.

मी भट्टीला जाळी बसवली आणि चाचांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी लिहिलं, "माशा कमी झाल्या." गेल्या असं लिहा म्हणून मी बराच घोळ घातला, पण त्यांना एक दिसली होती.

माझं घर त्या माणसानं वाचवलं. आईचं नाव वाचवलं. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणू शकलो नाही, कारण त्यांनी म्हणूच दिलं नाही. खव्याचा डबा घेऊन गेलो की तो स्टँडवरच्या पोरासोरांत वाटला जायचा.

चाचांना जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो तेव्हा ते अंगणात बाजेवर पडले होते. आजूबाजूला घरची माणसं, शेजारीपाजारी. जो तो म्हणत होता, आज चेहरा किती टवटवीत दिसतोय, आठ दिवसांत दुकानात बसाल बघा. चहाच्या निमित्तानं माणसं जरा पांगली, तसं चाचांनी मला जवळ बोलावलं.

"तू सांग. कसा दिसतोय मी?"

सून दारातून मानेनंच मला नको नको म्हणत होती. मी चाचांकडे बघितलं. नीट, सावकाश बघितलं. त्यांनी माझ्या भट्टीत धूर खात बघितलं होतं, तसं.

"लई उतरलात चाचा," मी म्हणालो. "मागल्या खेपेपेक्षा जास्त."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"बरं झालं बाबा," ते म्हणाले. "इतके दिवस हे मला एकट्यालाच म्हाईत होतं."

भट्टीवर संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली होती. मी हात सोडवून घेतला नाही.