अजून एक थेंब

आमच्या घरात मोडकी वस्तू कुणी टाकली की भाऊजींचं डोकं फिरतं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. रिमोटचं झाकण, मिक्सरचं बटण, बादलीचा कान, सगळ्यावर त्यांचा एकच उपाय: झटकन चिकटणारा गोंद आणि वर चिमूटभर खायचा सोडा. दोन्ही एकत्र आले की दगड होतो. तरी त्यांचं समाधान नाही. "अजून एक थेंब, मजबुतीला," हे ठरलेलं. बोलायची सोय नाही.

मग जाऊबाईंच्या कानाच्या मशीनचं दार तुटलं. आतला सेल धरून ठेवणारं, नखाएवढं दार. दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल बंद झालं. पार्ट मिळणार नाही." त्याने नवं मशीन लावून दाखवलं, तर जाऊबाईंनी ते लगेच काढलं. "यात ह्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. मला नको बाई. आहे तेच ह्यांना दुरुस्त करू दे."

भाऊजींनी खिडकीपाशी टेबल ओढलं. सुईच्या टोकाने गोंद लावला, सोडा भुरभुरला. नीट बसतंय का बघायला नवा सेल घालून दार लावलं आणि सवयीने बिजागरीवर अजून एक थेंब सोडला. तो फटीतून आत झिरपला. मशीन सुरू झालं, जाऊबाई खूश झाल्या, पण दार आता उघडणार नव्हतं. सेल आहे तोवर मशीन, पुढे आनंदीआनंद.

"उचकटलं तर सगळंच मोडेल," स्वयंपाकघरात येऊन ते मला हळूच म्हणाले. "तिला सांगू नकोस." मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

तेव्हापासून हा घुम्या माणूस बोलत सुटलाय. शेजारच्या मांजरीचं बोलतो, शाळेतल्या मास्तरांचं बोलतो, लग्नाआधी जाऊबाईंना भेटायला सायकलवरून निघाला होता ते बोलतो. त्या भाजी निवडत "बरं, मग?" म्हणतात. मी दुसरीकडे बघते. करणार काय?

आज ते आंघोळीला गेल्यावर जाऊबाईंनी मला जवळ बोलावलं.

"सकाळपासून कानात पीं पीं वाजतंय. सेल संपत आला की वाजतं तसं. आणि दार काही उघडत नाही."

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"ह्यांना कळू देऊ नकोस. बोलतायत तोवर बोलू दे."

बाथरूमची कडी वाजली. जाऊबाईंनी घाईघाईने भाजीचं ताट पुढ्यात ओढलं आणि मोठ्याने विचारलं, "हं, सायकल चिखलात रुतली, मग पुढे?"