बाबांच्या कानांपर्यंत

लखनौत मी पंक रॉक गाते, म्हणजे लोकांच्या मते किंचाळते. परवा कार्यक्रमानंतर एक मुलगी आली, तिनं हुबेहूब माझ्यासारखं किंचाळून दाखवलं आणि विचारलं, "दीदी, ये आपने किससे सीखा?" नेहमीप्रमाणे मी दोन-चार विलायती बँडची नावं फेकली. पेपरवाल्यांपुढेही मी तीच फेकते, मग ते माझं गाणं उसनं आहे असं लिहितात. लिहू देत.

खरं सांगायचं तर बाबा रेल्वेत इंजिनिअर होते. डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये त्यांचे कान गेले, आणि कानाला मशीन लावायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. त्यामुळे अलीगंजच्या आमच्या घरात "भाजी वाढू का?" हेसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडून विचारावं लागे. माझा आवाज तिथलाच आहे.

बाबांना जाऊन तीन महिने झाले. मी रडले नाही. अजून काही वाटतच नाही.

आज सकाळी गॅस पेटवला आणि ओरडले, "चहा ठेवू का?"

आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "हळू बोल गं. आता घरात सगळ्यांना ऐकू येतं."