इरीदेने बांधलेली शेवटची सलामी

एर्मेते मुलीकडे इटलीतल्या पार्मा शहरात राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ दोन पिशव्या, एक बिघडलेला खुबा आणि एक सलामी, म्हणजे आतड्यात भरून वाळवलेलं डुकराचं मांस, एवढाच ऐवज होता. पिशव्या जावयाने उचलल्या, खुबा लिफ्टने उचलला. सलामी मात्र त्याने कोणाच्या हाती दिली नाही. तान्हं पोर धरावं तशी छातीशी धरून चौथ्या मजल्यापर्यंत आणली.

चाळीस हिवाळे तो डोंगरातल्या घराघरांत जाऊन डुकरं कापायचा आणि सलाम्या भरून द्यायचा. ‘हाताला चव आहे’ हे वाक्य त्याने स्वतःबद्दल इतक्या वेळा उच्चारलं होतं की त्याची बायको इरीदे शेवटी म्हणायची, “तू नुसती भरतोस रे. करतं ते आपलं तळघर आणि मी.” तिचं करणं काय, तर सकाळी तळघराची खिडकी उघडायची, संध्याकाळी लावायची, धुकं आलं की भर दुपारी पळत जाऊन लावायची आणि जाता-येता प्रत्येक सलामीला अंगठ्याने दाबून बघायचं. एर्मेते याला रिकामटेकडेपणा म्हणायचा.

जानेवारीत दोघांनी सलाम्या बांधल्या. एप्रिलमध्ये इरीदे गेली. तिच्या माघारी भेटायला आलेल्यांनी रडत रडत निम्म्याहून जास्त सलाम्या संपवल्या, बाकीच्या उन्हाळ्याने. सप्टेंबरात घर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी तळघराच्या भिंतींना चकचकीत तेलरंग फासला. उरली ती जाड आतड्यातली, मोठी, अंगभर पांढरी बुरशी ल्यायलेली एकच. तिच्या दोरीची गाठ इरीदेची होती: दोन वेढे, आणि वर एक उगाचच. कापली तर तिच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. न कापली तर मुलीच्या गरम फ्लॅटमध्ये महिन्याभरात सलामीचा दगड होणार होता.

पहिल्याच सकाळी एर्मेतेने फ्रिज उघडला आणि किंचाळला. लोरेदानाने, त्याच्या मुलीने, सलामी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दह्याशेजारी ठेवली होती. आत ती घामाघूम झाली होती.

“मारलीस तिला!”

“बाबा, ती आधीच मेलेलं डुक्कर आहे.”

“प्लॅस्टिकमध्ये श्वास कशी घेणार ती?”

“मग काय, पाळण्यात घालू?”

“चाललं असतं,” एर्मेते म्हणाला, आणि कोरड्या फडक्याने तिला हलक्या हाताने टिपू लागला.

मग जागेचा शोध सुरू झाला. गॅलरीत टांगली, तर कबुतरांनी सभा भरवली. न्हाणीघरात टांगली, तर जावयाने दाढी करताना आरशात शेजारी सलामी बघून गाल कापून घेतला. चौथ्या दिवशी एर्मेते लिफ्टने तळमजल्यावर आणि तिथून खुब्याला शिव्या देत बावीस पायऱ्या उतरून इमारतीच्या तळघरात गेला. जुन्या सायकली, रिकाम्या बाटल्या, विटांच्या ओलसर भिंती आणि उत्तरेकडे एक चिमुकली खिडकी. त्याने नाक वर करून हवा हुंगली. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्या दिवसापासून तो सकाळी उतरून खिडकी उघडायचा आणि संध्याकाळी उतरून लावायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, असं घरी सांगायचा. सलामीला अंगठ्याने दाबायचा आणि म्हणायचा, “बरोबर ना गं?”

दोन आठवड्यांनी तळघराच्या दारावर कागद लागला: ‘तळघरात दुर्गंधी येते. संबंधिताने लाजावे.’ अक्षर मोत्यासारखं. ते आफ्राबाईंचं. त्या पहिल्या मजल्यावर राहायच्या; निवृत्त शिक्षिका, आणि इमारतीचे नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ. एर्मेते खिडकी लावायला गेला तर बाई सायकलींमध्ये दबा धरून उभ्या.

“म्हणजे तुम्ही! बुरशी चढलीय तिला. फेका आधी.”

“बाई, बुरशी कोणती ते तरी बघा. हिरवी असती तर पुसली असती, काळी असती तर मीच फेकली असती. ही पांढरी आहे, हीच सलामी पिकवते. आमच्या तळघरातली. तिथल्या भिंती रंगवल्या मेल्यांनी. आता ती जगात एवढीच आहे.”

“आणि इथे कशासाठी आणलीत?”

“ही बुरशी इथल्या भिंतीला लागते का बघतोय,” एर्मेते हळूच म्हणाला. “लागली तर मला सलामी कापता येईल.”

बाईंनी चष्मा सावरला, पुढे झाल्या आणि नाक लावून हुंगलं. बराच वेळ हुंगलं. शिक्षिकेला शोभणार नाही इतका वेळ.

“माझ्या वडिलांच्या कोटाला असा वास यायचा,” त्या म्हणाल्या. मग एकदम करड्या आवाजात, “माझ्याकडे एक आहे. भाचीने दिलेली. फ्रिजमध्ये आहे.”

“प्लॅस्टिकमध्ये?”

बाई वर्गात पकडल्या गेलेल्या मुलीसारख्या खाली बघू लागल्या.

आफ्राबाईंची सलामी तांबडी, गुळगुळीत, दुकानातून आलेली. एर्मेतेने ती इरीदेच्या सलामीजवळ टांगली, चार बोटांचं अंतर ठेवून. कागद बाईंनीच फाडला. नोव्हेंबरात धुकं उतरलं. भर दुपारी एर्मेते खुबा विसरून पायऱ्या उतरला आणि खिडकी लावून धापा टाकत भिंतीला टेकला. आता त्याला कळलं, इरीदेचं हे पळणं चाळीस वर्षं रिकामटेकडेपणाने होत नव्हतं. ऐकायला मात्र कोणी नव्हतं.

आणि एका सकाळी बाईंच्या सलामीवर, जी बाजू इरीदेच्या सलामीकडे होती तिथेच, पिठाचा हात लागावा तशी पांढरी छटा दिसली. मागच्या विटांवरही, नखाएवढी.

त्या रविवारी त्याने सलामी वर आणली. जेवढी खायची तेवढीच सोलली, सुरी तिरकी धरली, आणि मिऱ्याच्या दाण्याइतक्या जाड चकत्या पाडल्या. बाईही जेवायला होत्या. त्यांनी चकती पावाशिवाय खाल्ली.

“बाबा, काय चव आहे तुझ्या हाताला!” लोरेदाना म्हणाली.

“मी नुसती भरली,” एर्मेते म्हणाला.

गाठीकडचा तुकडा त्याने सोलला नाही. कापलेल्या तोंडाला फडकं बांधून, तो खिशात घालून, बावीस पायऱ्या उतरून पुन्हा खिळ्याला टांगला. अंगठ्याने दाबला. जरा घट्टच लागला. मग खिडकी लावली, आणि थोडा वेळ तिथेच, अंधारात, कोणीतरी ‘झालं का रे?’ म्हणेल म्हणून उभा राहिला.