आमची गाडी यायची आहे

काही घरांत प्लास्टिकचे डबे साठतात, काही घरांत जुने चार्जर. आमच्या जळगावच्या घरात गाडीचे किस्से साठलेत. गाडी नाही हं, फक्त किस्से! ज्यांनी गाडी घेऊन टाकली त्यांच्याकडे सांगायला असतं काय? ॲव्हरेज आणि पार्किंग. आम्ही गाडी न घेता एवढं जमवलंय, की परवा एक मैत्रीण म्हणाली, "स्वाती, तू गाडी घेऊ नकोस गं, आमची करमणूक जाईल!"

मुळात हे सगळं सुरू झालं आबांच्या गुडघ्यावरून. माझं माहेर धुळ्याचं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, झोके खेळते, आणि तिला न्यायला बाप नाहीतर भाऊ येतो, मुऱ्हाळी म्हणून. मला भाऊ नाही. दर आखाजीला आबाच यायचे, एसटीनं. मग त्यांच्या गुडघ्यानं एसटीच्या पायऱ्यांशी उभा दावा मांडला. मी म्हटलं, मीच येते एकटी. तर म्हणे, "न्यायला कोनी नही, आनि लेक एकटी ई? लोके काय म्हनतीन?"

तेव्हा मी छाती फुगवून जाहीर केलं, "आबा, पुढच्या आखाजीला मी माझ्या गाडीनं येईन. इलेक्ट्रिक! स्वतः चालवत!"

आबा इतके खूश झाले, की त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं, आम्ही बघून ठेवलेल्या गाडीचं सुधारित मॉडेल येतंय. रेंज जास्त, एअरबॅग सहा.

थांबलो. ती आखाजी गेली. पुढचीही गेली. दोन्ही वेळा मी नंतर एसटीनं धुळ्याला गेले, तेव्हा कडुलिंबाला बांधलेला झोका सोडून ठेवलेला होता.

*

शोरूममधला पंकज पहिल्या दिवशी आम्हाला बघून उठून उभा राहिला होता. कोल्ड्रिंक वगैरे. मी विचारलं, "नवीन मॉडेल कधी येणार?"

"मॅडम, हेच घ्या. एकदम टॉप आहे."

"पण नवीन येणार आहे ना?"

असं आम्ही कितीदा गेलो ते विचारू नका. कोल्ड्रिंकचं पाणी झालं, पाण्याचं नुसतं स्मितहास्य झालं. मी मात्र दर वेळी नवीन माहिती घेऊन जायची. कुठे झाकलेली गाडी टेस्टिंगला दिसली, कुठल्या व्हिडिओत डॅशबोर्ड दिसला. परवा दुपारी त्याचाच फोन. मला वाटलं, ऑफर असेल.

तो म्हणाला, "मॅडम, नवीन मॉडेलचं काही कळलं का? इथे एक कस्टमर विचारतायत!"

*

माझी लेक मुक्ता दुपारी झोपत नाही. अंगाई, गोष्ट, धाक, सगळं करून झालं. टेस्ट ड्राइव्हला मात्र चमत्कार झाला. गाडीत आवाज नाही, धक्का नाही, एसी सुरू. अजिंठा चौफुली यायच्या आत पोरगी गाढ झोपली!

मी नवऱ्याला खूण केली, थांबवायची नाही. नीलेशनं गाडी वळवली. परत वळवली. मेहरूण तलावाला दोन फेऱ्या झाल्या. शेजारच्या सीटवर पंकज अवघडून बसलेला. शेवटी तो मागे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माझं जेवण राहिलंय."

मी ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या कंपनीच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. गाडी आवडली का, असं तिथल्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, "अजून पाच मिनिटं. नुकताच डोळा लागलाय तिचा!"

*

सासूबाई मुक्ताईनगरकडच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. आमची चालढकल बघून एक दिवस त्या कडाडल्या. "पुढच्या साली मोठा घड येईन म्हनून भरलेला घड कोनी झाडावर ठेवते का वं? पिकून गळून जाईन! उद्याच्या उद्या गाडी आना!"

इतकं पटलं म्हणून सांगू! मी नीलेशला म्हटलं, बस्स, उद्या बुकिंग. जाता जाता, केवळ प्रामाणिकपणा म्हणून, मी त्यांना नवीन मॉडेलचा व्हिडिओ दाखवला. मे महिना. जळगावचं ऊन. घरात कूलर गरम हवा फेकतोय. व्हिडिओतला माणूस सांगत होता, सीटला बारीक छिद्रं आहेत, त्यातून पाठीला गार हवा लागते.

सासूबाईंनी पदरानं मान पुसली. व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा बघितला.

"थांबा मंग," म्हणाल्या.

*

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार्जिंगची वायर खालपर्यंत पुरेल का, या काळजीनं मी एका सकाळी गॅलरीतून कपड्यांची दोरी खाली सोडली. माप घ्यायला. खाली जाऊन बघायचं, तर आत मुक्तानं दुधाचा पेला उलटा केला. फरशी पुसून परत आले, तर दोरी जड!

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या बायका भाजीसाठी अशीच दोरी सोडतात. तळमजल्यावरच्या शबाना भाभींनी भाजीवाला आल्याबरोबर आमच्या दोरीला मेथीची जुडी बांधून टाकली होती.

"भाभी, खींचो ना! कबसे लटकी है!" त्या खालून ओरडत होत्या.

नीलेश ऑफिसला निघता निघता विचारतो, "काय झालं मापाचं?"

म्हटलं, "दोरी पुरली. मेथी मिळाली. गाडी तेवढी बघ."

तरी भाभींनी त्या दिवशी त्यांच्या खिडकीजवळचा प्लग दाखवून ठेवला. "गाडी आयी के यहीं लगा देना." आमच्या गाडीसाठी त्या बिचाऱ्या प्लगसमोर कुंडीसुद्धा ठेवत नाहीत.

*

बालवाडीत बाईंनी मुलांना विचारलं, तुमच्या घरी कोणती गाडी आहे? कोणी बुलेट म्हणालं, कोणी ट्रॅक्टर. मुक्ता उठून उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आमची गाडी यायची आहे."

बाई हसून म्हणाल्या, "हो का? कधी?"

"आई सांगेल तेव्हा."

तिला घ्यायला गेल्यावर मला हे कळलं. स्कूटीवर तिला पुढे उभी करून, तिच्या डोक्यावर माझी ओढणी बांधून, उन्हातून घरी येताना मी मनाशी पक्कं ठरवलं, आता नाही थांबायचं. घरी आले, मोबाईल उघडला. नवीन मॉडेलचा रंग जाहीर झाला होता. आकाशी! मुक्ताला आकाशीच आवडतो हो. काय करणार?

*

रेंजची भीती हा माझा खास विषय. एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये बॅटरी संपली तर? भर उन्हात, मुक्ताला घेऊन? तिला नेमकी तेव्हाच शी आली तर? हे मी आबांना फोनवर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "पारोयाले तुन्ही मावशी शे. एरंडोलले आत्या शे. मुकटीले मन्हा साडू शे. जठे पाव्हना, तठे प्लग."

"आबा, इलेक्ट्रिक गाडीचं असं नसतं."

"बरं," म्हणाले. "तुन्ही गाडी ई तवय ई."

या आखाजीलाही ती येणार नव्हती. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण फोन ठेवून झाला होता त्यांचा.

*

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी खालून शबाना भाभींची हाक आली, "भाभी! आपकी गाडी आ गयी!"

गॅलरीतून बघते तर खाली एक ई-रिक्षा. मागच्या सीटवर सांडग्या-कुरडयांच्या पिशव्या, आणि पिशव्यांच्या मधोमध आबा! चालवायला त्यांचे दोस्त सुपडूनाना. धुळ्याहून निघून मुकटीला जेवण, पारोळ्याला मुक्काम, एरंडोलला पहाटेचा चहा असं करत आले होते. प्रत्येक ठिकाणी रिक्षाही पोटभर! आता ती भाभींच्या खिडकीजवळ, आमच्यासाठी राखलेल्या त्याच प्लगला लावलेली.

"आबा, हे काय! तुमचा गुडघा?"

"हिन्ही पायरी खाले शे," आबा म्हणाले. "चाल, आवर लवकर. झोका बांधेल शे."

सहा एअरबॅगसाठी इतकं थांबलेली मी! दारं नसलेल्या रिक्षात मुक्ताला ओढणीनं पोटाशी घट्ट बांधून बसले. सुपडूनानांना म्हटलं, "नाना, सावकाश हं." ते म्हणाले, "बेटा, यान्हापेक्षा सावकाश ते उभी ऱ्हास." पाळधीजवळ एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, आणि जाताना वळून बघून हसला. मुक्तानं त्याला ओरडून सांगितलं, "आमची गाडी आली!" आणि भर दुपारी, खडखडाटात, माझ्या कुशीत झोपून गेली.

एरंडोलला आत्याकडे थांबलो. ओसरीतून वायर बाहेर काढून रिक्षा लावली. आत्यानं ताटात आमरस वाढला, खापरावरचे मांडे वाढले. माझे दोन्ही हात रसात, आणि फोन वाजला. आबांनी तो उचलून माझ्यासमोर धरला, स्पीकरवर.

पंकज! आवाज आनंदानं फाटलेला. "मॅडम, आलं! नवीन मॉडेल आलं! आत्ता ट्रकमधून उतरवतोय. आकाशी! पहिली टेस्ट ड्राइव्ह तुमचीच. लगेच येता का?"

माझा घास हातात तसाच राहिला. मी आबांकडे बघितलं. आबांनी फोन स्वतःच्या तोंडाजवळ नेला.

"भाऊ," ते म्हणाले, "जरासं थांबा. आम्हनी गाडी चार्जिंगले लायेल शे."