छोट्या लाईनची शेवटची गाडी

गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं कोळसा पेटवला की मला अब्बांचा खाकी सदरा आठवतो. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या इंग्रजांच्या काळातल्या छोट्या लाईनवर ते इंजिनात कोळसा टाकायचे. सदरा कितीही धुतला तरी तो वास जात नसे.

ती लाईन बंद व्हायची होती त्या दिवशी, निवृत्त झालेले अब्बा तोच सदरा घालून माझ्यासमोर उभे राहिले. "बेटा, चल. शेवटच्या गाडीनं येडशीपर्यंत जाऊन येऊ."

मी नवी शिक्षिका. पुढ्यात सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा होता. मी मान वर न करताच म्हणाले, "आज न्हाई जमायचं अब्बा. मोठी लाईन होऊ द्या, मग आरामात जाऊ."

"हौ," एवढंच म्हणून ते एकटेच स्टेशनाकडे निघाले.

मोठी लाईन व्हायला वर्षं लागली. तोवर अब्बा राहिले नाहीत. ते पेपर कोणत्या वर्गाचे होते, हेही आता मला सांगता येत नाही. त्या दिवशीची संध्याकाळ मात्र विसरता येत नाही. अब्बा परतले, पाय धुऊन ओट्यावर बसले. मी सहज विचारलं, "गर्दी होती का?"

"लई. लोक दारात लटकून होते," ते म्हणाले. "पण खिडकीची जागा मी कुणाला दिली न्हाई. गाडी सुटेस्तोवर वाटायलं होतं, तू येशील."